आप्पांनी पाहिलेली छत्री

हवाई दलात जनरल नसतो, हे आमच्या घरातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. पण त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर शिरूर तालुक्यातल्या भिंतीभिंतीवर आमचे आप्पा 'जनरल' म्हणून हात जोडून उभे होते. आप्पा म्हणजे माझे थोरले चुलते. लढाऊ विमानं उडवता उडवता ते हवाई दलात इतके वर चढले, की त्यांच्या हुद्द्याचं नाव आमच्या वडगाव रासाईत कुणाच्या जिभेवर बसेना. एअर मार्शल म्हटलं की लोक विचारायचे, म्हंजी रेल्वेत का? निवृत्त होऊन गावी आल्यावर कुणीतरी त्यांना विधानसभेला उभं केलं, आणि प्रचाराचं बघणाऱ्या तात्यांनी परस्पर 'जनरल' छापून टाकलं. आप्पांनी ते पाहिलं आणि कुणावर आवाज चढवला नाही. छापखान्यातून बरोबर हुद्द्याच्या पट्ट्या छापून आणल्या, आईकडून खळीचा डबा घेतला आणि मला जीपमध्ये घातलं. उमेदवार आणि त्याची पुतणी आपलेच फलक झाकत फिरतायत, असं दृश्य तालुक्यानं त्याआधी पाहिलं नव्हतं. तात्या कळवळून म्हणाले, "साहेब, लोकान्ला जनरल आवडतोय." आप्पा म्हणाले, "आवडत असेल. पण मी तो झालो नाही ना."

मी तेव्हा शिरूरच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला होते आणि वक्तृत्वात एक चषक मिळवला असल्यामुळे स्वतःला फार काही समजत होते. आप्पांचं मराठी छावण्यांमध्ये राहून गंजलेलं. मध्येच हिंदी यायचं, त्यामागून इंग्रजी, आणि कांदे म्हणायच्या जागी ते 'प्याज' म्हणायचे, तेही कांदा पिकवणाऱ्यांसमोर. म्हणून भाषणं लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी जीव ओतून लिहायची. शत्रूच्या छातीत धडकी भरली, आभाळ फाटलं, वगैरे. आप्पा तांबड्या पेन्सिलीनं तपासून परत द्यायचे. धडकीखाली रेघ आणि बाजूला बारीक अक्षरात: 'मी शत्रूची छाती पाहिली नाही.' आभाळाच्या शेजारी: 'फाटलं नव्हतं.' शेवटी कागदावर पाणी, वीज, रस्ता एवढंच उरायचं आणि चषकवाल्या वक्त्या रुसून ज्वारीच्या पोत्यावर जाऊन बसायच्या.

आमचं घर भीमेच्या काठाला, शेवंतीच्या वावराला लागून. दिवसभर नदीवरच्या मोटारींचा घूं घूं आवाज, इतका सवयीचा की वीज गेली की आम्हालाच कान गेल्यासारखं वाटायचं. निवडणुकीत त्या घराची खाणावळ झाली होती. आई आणि शेजारच्या दोघी चुलीपाशी बसून मासवड्या थापायच्या, परातीत रस्सा, ओसरीभर तीळ-खोबऱ्याचा वास. अंगणात कार्यकर्ते भाकरी कुस्करत बसलेले आणि आत उमेदवार एकटा टोस्टला लोणी लावतोय. काकू कधीच वारल्या होत्या, मुलगा परदेशात. म्हणून आप्पांचं सगळं आईच बघायची. तिची एकच तक्रार होती: "आवं, एवढं वर जाऊन आला आन् जेवता काय, तर भाजल्याला पाव."

आणि रोज संध्याकाळी ओसरीवर आप्पा 'डीब्रीफ' घ्यायचे. विमानं परत आली की सगळे वैमानिक बसतात आणि एकेकानं काय पाहिलं ते सांगायचं. तिथं हुद्दा चालत नाही, अंदाज चालत नाही, जे डोळ्यांनी पाहिलं तेवढंच. ही रीत त्यांनी आमच्या घरात आणली. सभा झाली की दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सांगायचं, मी सांगायचं, आईनंही सांगायचं. मी म्हणाले, लोक भारावले होते. आप्पा म्हणाले, "भारावलेलं दिसतं कसं?" आई म्हणाली, "तुमचं भाषण चालू व्हतं तवर सरपंचाच्या बायकूनं टोपलंभर शेंगा सोलल्या." आप्पांनी मान डोलावली. हे उत्तम निरीक्षण. मी आजही घरात कुणी 'सगळे म्हणतात' असं म्हटलं की पटकन विचारते, कोण कोण, तू पाहिलंस का. माझ्या मुलांना याचा उबग आलाय, आणि तो मी डोळ्यांनी पाहिलाय.

आप्पांच्या दोन सवयींचा मात्र आम्ही कधी डीब्रीफ केला नाही. पुण्याकडून लढाऊ विमानं सरावाला जायची, बहुतेक जोडीनं. आवाज आला की आप्पा ताटावरून उठायचे. हात खरकटा, तसेच अंगणात. विमानं केव्हाच दिसेनाशी झालेली असायची, पण ते आत यायचे नाहीत. परत येताना दोन्ही दिसली की मगच. कधी ती दुसऱ्या वाटेनं उतरायची आणि परत दिसायचीच नाहीत. मग आप्पा ऊन उतरेपर्यंत लिंबाखाली उभे. लोकांना वाटायचं, साहेबाला जुने दिवस आठवतात. आई ताटावर ताट पालथं घालून ठेवायची आणि काही विचारायची नाही.

दुसरी सवय दौंडची. आमच्या गावाहून नदी ओलांडली की दौंड काही फार लांब नाही. उत्तरेतून सुट्टीवर येणाऱ्या माणसानं दौंडला उतरावं आणि घरी यावं, इतकं सोपं. आप्पा पार पुण्याला जायचे आणि तिथून एसटीनं उलटे यायचे. दौंडला इंजिन बदलायचं म्हणून गाडी बराच वेळ थांबायची. काकू सांगायच्या, तेवढा वेळ हा माणूस वरच्या बर्थवर तोंडावर चादर घेऊन पडायचा. चहावाला ओरडत गेला तरी चादर काढायचा नाही. एवढा मोठा वैमानिक कुणाला घाबरतो, म्हणून काकू हसायच्या. मीही ही गोष्ट बरीच वर्षं हसण्यासाठी सांगत असे.

प्रचाराला शेवटचा आठवडा उरला असताना एका दुपारी मोटारसायकलवरून एक गृहस्थ आले. साठीच्या पुढचे, टापटीप, शर्टाची वरची गुंडी लावलेली. आम्हाला वाटलं, पाण्याचं गाऱ्हाणं. त्यांनी नाव सांगितलं, प्रभाकर, रेल्वेत गार्ड होतो, दौंड. आणि म्हणाले, "मी वसंताचा धाकटा भाऊ." आप्पा खुर्चीतून उठले. मी त्यांना मंत्र्यासाठीही इतक्या घाईनं उठताना पाहिलं नव्हतं.

त्या दुपारी मी चहाचा ट्रे घेऊन गेले आणि कुणी जा म्हणालं नाही म्हणून तिथंच उंबऱ्यावर बसले. वसंता हा दौंडच्या इंजिन ड्रायव्हरचा मुलगा. आप्पांच्या मागोमाग हवाई दलात गेलेला आणि लढाईत त्यांच्या जोडीचं विमान उडवणारा. एके सकाळी सरहद्दीपलीकडे दोघं गेले, खालून तोफा चालू झाल्या आणि वसंताच्या विमानानं पेट घेतला. तो बाहेर पडला. त्याची छत्री, म्हणजे पॅराशूट, उघडलेली आप्पांनी पाहिली. पांढरी, झाडांच्या रांगेच्या वर. आप्पांच्या विमानात तेल संपत आलं होतं, म्हणून त्यांना वळावं लागलं. वसंता कैद्यांत सापडला नाही, मेलेल्यांत सापडला नाही. लढाई संपल्यावर आप्पा दौंडला त्याच्या आईला भेटायला गेले आणि डीब्रीफमध्ये सांगितलं होतं तेच सांगितलं: छत्री उघडलेली पाहिली, जमिनीवर टेकलेली नाही पाहिली. त्या आईनं पहिलं अर्धं ठेवून घेतलं.

प्रभाकरराव सांगत होते आणि आप्पा बशीतल्या बिस्किटाकडे बघत होते. जिजी, म्हणजे वसंताची आई, तेव्हापासून एकही रात्र दौंड सोडून राहिली नव्हती. लेकीच्या बाळंतपणालाही नाही. रात्री दाराला कडी लावू द्यायची नाही. वडील निवृत्त झाले, रेल्वेचं क्वार्टर सुटलं, मागच्या गल्लीत दोन खोल्या बांधल्या. पण त्या क्वार्टरमध्ये बदली होऊन जे जे कुटुंब येई, त्यांच्या दारात जिजी जायची आणि सांगून यायची: माझा मुलगा इथला पत्ता विचारत आला तर त्याला मागच्या गल्लीत पाठवा. सरकारनं केव्हाच मृत ठरवलं होतं. भटजी म्हणाले, देह मिळाला नाही तर पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात, तसं करा. जिजी म्हणाली, जिवंत माणसाला जाळता का? तो शिरूरकडचा पोरगा खोटं बोलणारा नाही.

आता तिच्या मांडीचं हाड मोडलं होतं, ती अंथरुणाला खिळली होती, पाठीला जखमा झाल्या होत्या आणि अन्न सुटलं होतं. डॉक्टरांनी हात टेकले होते, आणि तरी ती जात नव्हती. "रात्रभर दाराकडं तोंड करून असते," प्रभाकरराव म्हणाले. "मी गेले तर त्याला दार कोण उघडेल, म्हणते. साहेब, तिचं हाल कुत्रं खाईना झालंय. तिचा दुसऱ्या कुणावर विश्वास नाही. तुम्ही एकदा येऊन सांगा, छत्री उघडली नव्हती म्हणून."

आप्पांनी बिस्किटाची बशी बाजूला सारली. नदीवरच्या मोटारी चालू होत्या. मग म्हणाले, "मी उघडलेली पाहिली आहे, प्रभाकर."

"मला माहीत आहे. म्हणूनच तुमच्याकडं आलो."

"मी वळलो तेव्हा तो वरच होता. माझ्यासाठी तो अजून उतरतोच आहे." हे वाक्य त्यांनी इतक्या साध्या आवाजात म्हटलं, की मला आधी ते कळलंच नाही. "दोनच माणसं त्याला वर धरून आहेत. तुझी आई आणि मी. मी तिला सोडायला सांगू?"

प्रभाकररावांनी चहा संपवला, कप विसळून ठेवावा तसा नीट ट्रेमध्ये ठेवला. उठताना त्यांनी पहिल्यांदा साहेब म्हटलं नाही. "दादा," ते म्हणाले, "तुम्ही वर्षानुवर्षं चादर घेऊन झोपलात. आम्ही त्या घरात राहिलो." आप्पांनी त्यांना चादरीचं कसं कळलं हे विचारलं नाही. मला आजही माहीत नाही. गार्डला आपल्या गाडीत कोण आहे हे कळत असावं.

नंतरचे चार-पाच दिवस सभा झाल्या, पण आप्पांचं कशात लक्ष नव्हतं. रांजणगावच्या बाजूला एका गावात पोरांनी गलका केला, साहेब, लढाईचं सांगा. आप्पा माईकसमोर उभे राहिले आणि नुसतेच उभे राहिले. ध्वनिक्षेपकात भुंगा अडकल्यासारखा आवाज येत राहिला. तात्यांनी घोषणा देऊन वेळ मारून नेली आणि गाडीत मला दटावलं, चांगलं चटकदार लिहून देत जा. संध्याकाळी डीब्रीफ झाला नाही. आईनं ताट वाढलं, पालथं ताट तयारच ठेवलं, आणि भाकरी मोडता मोडता, कुणालाच उद्देशून नाही अशा स्वरात म्हणाली, "म्हातारीला न्हाई दिसत त्यो उतरताना. तिला नुसतं दार दिसतंय. तुमचं निदान आभाळ तरी मोठं हाय." आप्पांनी तिच्याकडे पाहिलं. माझी आई चौथी शिकलेली आणि दिरासमोर डोक्यावरचा पदर ढळू न देणारी. त्यानंतर तिनं जणू काही बोललीच नाही असा चेहरा करून त्यांना मासवडी वाढली, आणि त्यांनी ती खाल्ली.

प्रचार संपला त्याच्या दुसऱ्या दिवशी, जेव्हा कुठल्याही उमेदवारानं मतदानकेंद्रांची जुळवाजुळव करावी, तेव्हा आप्पा सकाळी मला म्हणाले, "मने, जीप काढ." जीप त्यांनीच मला शिकवली होती. गिअर बदलताना अजूनही रस्त्यावरची गुरं दचकायची. कुठं, म्हणाले नाहीत. भीमेच्या पुलापाशी आल्यावर मी वेग कमी केला. आप्पा समोर बघत राहिले, म्हणून मी पूल ओलांडला.

दौंडात मागच्या गल्लीतलं ते घर शोधावं लागलं नाही. हिरवं दार. क्वार्टरच्या दाराला जो रेल्वेचा हिरवा रंग होता, तोच जिजीनं इथं दिला होता, त्याला ओळखू यावं म्हणून. आत औषधाचा आणि लिंबाच्या पाल्याचा वास. खाटेवर इतकी लहान बाई होती, की मला आधी गोधडीच वाटली. तोंड दाराकडे. डोळे जवळजवळ गेलेले, पण आप्पा उंबऱ्यात आले तसा तो चेहरा जो काही झाला, तो मी कधी विसरणार नाही. दारात उंच माणसाची सावली पडली होती. प्रभाकररावांनी घाईनं सांगितलं, "आई, हे शिरूरचे. वसंताच्या बरोबरचे." चेहरा हळूहळू पूर्वीसारखा झाला. "ये रे बाळ," ती म्हणाली. "किती दिवसांनी आलास. गाडीनं आलास का?"

आप्पा खाटेशेजारी जमिनीवर बसले. गुडघ्यांचा कडकड आवाज झाला. वाटेत त्यांनी मनात काय जुळवलं असेल कोण जाणे, पण माझ्यासारखी वक्ती शेजारी असून त्यांनी एक शब्द उसना मागितला नव्हता.

"जिजी," ते म्हणाले, "छत्री उघडली नव्हती."

भांडी घासणारी सून मोरीत थांबली. जिजीनं हात चाचपडत पुढं केला. आप्पांच्या मनगटापासून वर, दंड, खांदा, गाल. "नीट पाहिलं होतंस?"

"हो. नीट पाहिलं होतं."

"मग तेव्हा का तसं सांगितलंस?"

"तुम्हाला बरं वाटावं म्हणून."

गालावरचा हात थोडा मागे गेला आणि तिनं आप्पांना चापट मारली. त्यात जोर नव्हता, उडत्या पाकोळीचा पंख लागावा एवढीच, पण आवाज झाला. आप्पांनी चेहरा हलवला नाही. तिनं तोच हात पुन्हा गालावर ठेवला आणि बराच वेळ ठेवून दिला. मग तोंड भिंतीकडे वळवलं. आम्हाला वाटलं झोपली. तेवढ्यात तिकडूनच, घरच्या माणसाला रोजचं काम सांगावं तशी म्हणाली, "प्रभाकर, दाराला कडी लाव रे."

कडी लागेना. इतकी वर्षं हलवलेली नव्हती, गंजून जागीच धरली होती. प्रभाकररावांनी तेल घातलं, मग स्वयंपाकघरातून बत्ता आणला. आम्ही मागच्या दारानं बाहेर पडून जीपपाशी आलो, तरी तो आवाज येत होता. लोखंडावर लोखंड, थांबून थांबून. आप्पा बसले. मी किल्ली फिरवली. पुलावर मी, माझी जीभ आवरत नाही म्हणून, विचारलं, "आप्पा, डीब्रीफ?" ते म्हणाले, "आज कुणी काही पाहिलं नाही."

पुढचं थोडक्यात. आप्पा निवडून आले. जिजी त्याच आठवड्यात, दाराकडे पाठ करून, झोपेतच गेली. प्रभाकररावांनी त्याआधीच, ती असतानाच, वसंताचा पळसाच्या पानांचा पुतळा करून भीमेच्या काठी अग्नी दिला होता. आप्पा त्याला गेले. डोकं म्हणून नारळ ठेवतात. तो उकलल्याचा आवाज आला तेव्हा ते नदीकडे बघत होते, असं दादांनी सांगितलं. आमदार म्हणून ते अगदी सुमार निघाले. जे होणार नाही ते होणार नाही असं तोंडावर सांगत, आणि पुढच्या खेपेला लोकांनी त्यांना तसंच तोंडावर सांगितलं. राजकारणात त्यांनी एकच खोटं सांगितलं, आणि तेही मतदारसंघाच्या बाहेर.

पण ज्या दौंडला त्यांनी जन्मभर टाळलं, तिथं ते आता अधूनमधून जाऊ लागले. आम्हाला वाटलं, प्रभाकररावांकडे. एकदा मीच गाडी चालवत होते तेव्हा कळलं. रेल्वे कॉलनीतल्या एका क्वार्टरसमोर उतरले, आत कुणी परप्रांतीय कुटुंब नुकतंच बदलून आलेलं. दारातल्या तरुण बाईशी आप्पा त्यांच्या छावणीच्या हिंदीत बोलत होते. मी काच खाली केली. कोई वसंत नाम का आदमी पूछता आए, तो उसे नदी के पार भेज देना, वडगाव रासाई. ती बिचारी मान हलवत होती आणि पदर सारखा करत होती.

त्याच सुमारास त्यांनी आईला सांगितलं होतं, रात्री कडी लावायची नाही. आईनं आधी विरोध केला, चोर येतील म्हणाली. ते खरंच झालं, एका वर्षी ओसरीतून चोरांनी मोटारीची तांब्याची तार आणि एक टोपलंभर शेवंती नेली. शेवंती कशाला, हे आजवर कुणाला उमगलं नाही. आईनं चार दिवस भांडी आपटली, पण कडी लावली नाही. आप्पा गेले तेव्हाही ती मोकळीच होती. त्या दिवशी वरून विमानांची जोडी गेली, आणि अंगण माणसांनी भरलेलं असताना आई पटकन बाहेर जाऊन लिंबाखाली उभी राहिली.

आता आईही नाही. मी पुण्यात आठव्या मजल्यावर राहते, जिथलं दार आपोआप बंद होतं आणि मी वर्षातून दोनदा किल्ली आत विसरून बाहेर बसते. सुट्टीत गावच्या घरी गेले की रात्री दिवा मालवायच्या आधी नवऱ्याचा पुण्याहून फोन येतो. एकटी आहेस, कडी लावलीस ना? मी आप्पांची पुतणी, जे पाहिलं तेवढंच बोलणारी. मी दाराच्या मोकळ्या कडीकडे बघते आणि म्हणते, हो, लावली.